खुर्ची सोडण्याची विद्या



आजच्या व्याख्यानाचा विषय छापून आला तेव्हा आमच्याच युनियनमधल्या दोघांनी आम्हांला विचारले, "अहो, फ्रीमेसन म्हणजे साहेब लोकांचा बंद दाराआडचा क्लब. त्याचे आणि आपले काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही फ्रीमेसन नाही, होण्याचा विचारही नाही. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, दुसरी पाळी नसेल त्या संध्याकाळी. तिथेच या मंडळींचा एक जाडजूड इतिहास हाती लागला. गुप्तपणाबद्दल एवढा बोलबाला असलेल्या संस्थेने आपले नियम आणि आपली भांडणे मात्र व्यवस्थित छापून ठेवली आहेत. त्यांच्या गुप्त खुणा त्यांना लखलाभ असोत. आम्हांला हवे होते ते छापलेल्या भागातच मिळाले.

वाघोलीकरांना 'मेसन' हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. मेसन म्हणजे पाथरवट, गवंडी. 2021 साली हे गाव पुणे महापालिकेत गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या खाणींतली काळ्या पाषाणाची खडी पुण्याच्या भिंतींत आणि रस्त्यांत गेलेली आहे. सुतकी, छिन्नी, ओळंबा, गुण्या ही हत्यारे इथल्या वस्त्यांवर लहान मुलालाही ठाऊक आहेत. लॉज म्हटले की आपल्याला एस.टी. स्टँडसमोरचे राहण्याजेवणाचे लॉज आठवते. तेही फारसे चूक नाही. विलायतेत मोठमोठी देवळे बांधताना पाथरवट ज्या छपराखाली दगड घडवीत आणि भाकरतुकडा खात, ते छप्पर म्हणजे मूळचे लॉज. पुढे दगडाला हात न लावणारे सरदार-सावकार तिथे शिरले, पाथरवट बाहेर पडले आणि हत्यारे तेवढी खूण म्हणून शिल्लक राहिली. लंडनच्या चार लॉजनी मिळून 1717 साली ग्रँड लॉज स्थापली असे परंपरेने सांगतात. ज्याने घाम गाळला तो बाहेर आणि त्याची छिन्नी दिवाणखान्यात, हा प्रकार आमच्यासारख्याला खटकणारच. तो तसाच मनात ठेवून पुढे ऐकावे.

या पुण्यातच 1823 साली तोफखान्यातल्या लोकांनी 'ओरायन इन द वेस्ट' नावाचे लॉज काढले. परवाना घेतला तो मद्रासकडच्या, कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रांतिक ग्रँड लॉजकडून. दोनच वर्षांत फूट पडली. लष्करात नसलेले सभासद बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यातच 'लॉज ऑफ होप' नावाचे दुसरे लॉज काढले. पुढे चौकशी झाली तेव्हा कळले की, ओरायनची वर्गणी मद्रासला पोहोचत होती, पण असे काही लॉज अस्तित्वात आहे याची इंग्लंडला वार्ताच नव्हती. शिवाय मुंबई इलाख्यातल्या लॉजला परवाना देण्याचा मद्रासच्या अधिकाऱ्याला अधिकारही नव्हता! अखेर 1833 च्या जुलैत इंग्लंडहून नवा परवाना आला आणि दहा वर्षे चाललेले लॉज कायद्याने जन्माला आले. हे वाचताना आम्हांला हसू आवरेना. दोन वर्षांत फूट, वर्गणी भलतीकडे, नोंदणी संशयास्पद: हा तर कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या युनियनचा इतिहास झाला. एक योगायोगही पाहा. लॉज पूर्ण व्हायला सात माणसे लागतात असा त्यांचा जुना संकेत. आणि 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानेही नोंदणीच्या अर्जाला सातच सह्या मागितल्या होत्या.

कागद नवा करता येतो. दार नवे करणे त्याहून अवघड जाते. माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. पुढे 1863 साली मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन काढणारे ते हेच. त्यांना फ्रीमेसन व्हायचे होते. मुंबईच्या लॉजमधल्या गोऱ्या बंधूंनी त्यांना घेतले नाही. गडी हटला नाही. विलायतेला गेला आणि अखेर पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन परत आला. तरी मुंबईचे दार बंद! तेव्हा जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेऊन 1843 च्या डिसेंबरात 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे एतद्देशीयांना खुले असलेले लॉज काढले. कलकत्त्यात तर प्रसन्नकुमार दत्तांना 1863 पासून 1872 पर्यंत नऊ वर्षे झगडावे लागले, कारण आशियाई माणसाला वरिष्ठांच्या परवानगीवाचून घेऊ नये असा तिथे पोटनियमच होता. त्यानंतर बारा वर्षांनी कलकत्त्याच्याच एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. 1961 च्या 24 नोव्हेंबरला भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. इंग्रज गेला तेव्हा त्याचे बहुतेक क्लब तरी ओस पडायला हवे होते. पण लॉज चालवायला इथली माणसे तयार होती, कारण ती शंभर वर्षे त्या पायऱ्या चढत आली होती.

आता त्या पायऱ्यांविषयी, कारण आम्ही मुख्यतः तेवढ्यासाठीच आलो आहोत. लॉजचा प्रमुख म्हणजे मास्टर. तो वर्षापुरता निवडला जातो. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे सलग दोन वर्षांपेक्षा अधिक बसायचे असेल तर वरून खास परवानगी काढावी लागते. आणि जो कधी वर्षभर वॉर्डन नव्हता, त्याला सामान्यतः मास्टर होता येत नाही. वॉर्डन दोन, थोरल्याच्या गळ्यात पाणसळ, धाकट्याच्या गळ्यात ओळंबा, आणि मास्टरच्या गळ्यात गुण्या. वॉर्डनच्या खाली दोन डीकन. निरोप नेणे आणि नव्या माणसाला हाताला धरून फिरवणे हे त्यांचे काम. त्यांच्या खाली आतल्या दाराचा पहारेकरी. त्याच्याही खाली पंगतीत वाढणारे स्टुअर्ड. नवा सभासद वाढप्यापासून सुरुवात करतो आणि वर्षाला एक पायरी चढला तर सहा-सात वर्षांत खुर्चीपर्यंत पोहोचतो. तेवढ्या काळात त्याने सभा प्रत्येक जागेवरून पाहिलेली असते: दारातून, मधल्या रिकाम्या जागेतून, मास्टरच्या समोरून.

बोलायचे असते ते सगळे तोंडपाठ. त्यासाठी तालमीची वेगळी बैठक असते. लंडनची 'इम्युलेशन' नावाची तालीम 1823 पासून चालू आहे. तिथे धाकटा माणूस मास्टरच्या जागी उभा राहून चुकतो आणि थोरले त्याला सुधारतात. आपल्याकडे कार्यकर्ता पहिल्यांदा चुकतो तो भर गेटसभेत, शेदोनशे लोकांसमोर. मग पुन्हा माईकला हात लावत नाही. आम्हांला सर्वांत आवडली ती उतरलेल्या मास्टरची जागा. तो घरी जात नाही. नव्या मास्टरच्या डाव्या हाताला बसतो आणि तो शब्द विसरला तर हळूच पुरवतो. अधिकार गेला, उपयोग राहिला.

या व्यवस्थेतले दोष झाकण्याचे आम्हांला कारण नाही. पाळी आली म्हणून नालायक माणूसही खुर्चीत येतो. सेक्रेटरी मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो आणि खरी किल्ली त्याच्याच कमरेला असते, हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्यांच्या मुख्य प्रवाहाने बायकांना अजून दार उघडलेले नाही. बायकांच्या लॉज वेगळ्या आहेत. आणि खालून माणूस येईनासा झाला की जिना पोकळ होतो. जुनेच मास्टर पुन्हापुन्हा वाढप्याच्या जागी उभे करावे लागतात. अमेरिकेत 1959 साली या मंडळींची संख्या एक्केचाळीस लाखांच्या आसपास होती, ती आता दहा लाखांच्या आत आली आहे. नियम होते तेच राहिले, विधीही तेच. नातू फिरकला नाही.

आमच्या बाजूचा इतिहास या आरशात पाहावासा वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे हे आम्हां कामगारांचे आद्य पुरुष. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमवले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनपासून रविवारची सुटी मिळाली. आज जो रविवारी घरी असतो, त्याने हे नाव माहीत करून घ्यावे. पण त्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते, अशी नोंद सरकारी अहवालात आहे. जो कामगार दारी येई त्याला लोखंडे सल्ला देत. ते होते म्हणून संघटना होती. 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांना नेले आणि मागे ओळंबा धरायला कोणी उरले नाही. याउलट गोखल्यांनी 1905 साली याच पुण्यात भारत सेवक समाज काढला, तो पाच वर्षांच्या उमेदवारीची अट घालून. दहा वर्षांत गोखले गेले; समाज श्रीनिवास शास्त्र्यांच्या हाती चालू राहिला. त्याच समाजातल्या ना. म. जोशींनी पुढे कामगार चळवळीला कागद ठेवायला शिकवले. दोघांच्या योग्यतेची तुलना आम्ही करीत नाही. लोखंड्यांना दिवसाचे तास किती मिळत होते, तेही ध्यानात घ्यावे.

आता आमच्या युनियनविषयी. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यातली ही मध्यम आकाराची युनियन. आम्ही तिचे एकवीस वर्षे सरचिटणीस आहोत. येत्या वार्षिक सभेत दोन ठराव येणार आहेत. पहिला आमचाच: कोणत्याही पदावर सलग तीन वर्षांपेक्षा अधिक राहू नये, आणि उतरणाऱ्याने एक वर्ष नव्याच्या शेजारी बसावे. याला विरोध होतो तो प्रेमापोटी. "कोर्टाच्या तारखा कोण सांभाळणार? नव्या पोराला मालक विकत घेईल." तारखांची वही आम्ही वर्षभर धाकट्या चिटणिसाच्या हाती देऊन पाहिली, एकही तारीख चुकली नाही. विकत घेण्याविषयी बोलायचे तर, एकवीस वर्षे एकच माणूस असला की विकत घेणाऱ्याला दार शोधावे लागत नाही. तो दरवर्षी बदलला तर सौदा महाग पडतो.

खरा वाद दुसऱ्या ठरावावर आहे. आमच्या घटनेत सभासदाच्या व्याख्येत 'कायम कामगार' असे दोन शब्द आहेत. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा कारखान्यात कंत्राटी माणूस क्वचित दिसे. आता आमच्या शेजारी त्याच यंत्रावर कंत्राटी पोरे आणि पोरी उभ्या असतात. पगार निम्मा, आणि युनियनच्या दारात पोटनियम. माणेकजींची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठीच. कायम कामगारांची भीती खोटी नाही. बोनसची वाटणी, बढतीची यादी, सगळे बदलेल. आम्ही त्यांना एवढेच दाखवतो की कायम सभासदांत पस्तिशीच्या आतले कोणी उरलेले नाही. म्हणजे आमच्या जिन्याला खालच्या पायऱ्याच नाहीत.

गेले सहा महिने पावतीपुस्तक लिहिण्याचे काम एक कंत्राटी मुलगी करते. तिचे आजोबा इथल्या खाणीत दगड फोडायला होते. हिशेब पैशाचा पै जुळतो. दर शनिवारी संध्याकाळी आमची तालीम असते. तीत मागच्या आठवड्यात ती व्यवस्थापकाशी बोलणी करायला बसली आणि व्यवस्थापक झालो होतो आम्ही. ओव्हरटाइमच्या दरावर तिने आम्हांला दोनदा अडकवले. वार्षिक सभेत मात्र तिला मत नाही. घटना बदलायला दोनतृतीयांश हात वर व्हावे लागतात, आणि आजच्या मोजणीत आम्हांला बावीस कमी पडतात. उद्यापासून दोघादोघांनी त्या बावीस जणांच्या घरी जायचे ठरले आहे.