पाण्यातले एक घराणे



परवाच्या धड्यात तुम्ही स्वल्पविराम गिरवलात. आज ज्या जंतूंविषयी सांगणार आहे, ते दिसायला अगदी तसेच. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर पाण्यात स्वल्पविराम पळताहेत असे वाटते. मागे एक बारीक शेपटी असते. ती गरगर फिरते आणि जंतू पुढे सरकतो. या घराण्याचे नाव व्हिब्रिओ. पटकीचा जंतू याच घराण्यातला. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने कलकत्त्यात तो ओळखून दाखवला. त्याच्या तीस वर्षे आधी इटलीच्या पाचिनींनी तो पाहिला होता, पण तेव्हा कुणी कान दिला नाही.

पटकी म्हटले की तुम्हाला मरीआई आठवेल. मलाही आठवते. मी पाचवीत होतो. पावसाळ्यात गावात पटकी आली. मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेला. शाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा एका दिवसात चिपाडासारखा झाला. डोळे खोल गेले. तो सारखा पाणी मागत होता. मोठी माणसे म्हणाली, "जुलाब होताहेत, पाणी देऊ नका रे." मी तांब्या घेऊन उभा होतो. दिला नाही. दिवे लागायच्या वेळी तो गेला. पन्नास वर्षे होऊन गेली, पण तो तांब्या मला अजून दिसतो.

असो. घराण्याकडे वळू. त्यात शंभराहून जास्त जाती आहेत. बहुतेक समुद्रात नि खाडीत राहतात. एका आडनावाची सगळी माणसे सारखी असतात का? तसेच हे. हवाई बेटांजवळ अंगठ्याएवढा एक माकूल असतो. जन्मतो तेव्हा त्याच्याजवळ हे जंतू नसतात. ते तो समुद्राच्या पाण्यातून घेतो आणि पोटातल्या एका पिशवीत पाळतो. एकटा जंतू उजेड पाडत नाही. दाटी झाली की सगळे मिळून चमकतात. वरून चांदणे, खालून हा उजेड, म्हणून खालच्या माशाला माकुलाची सावली दिसत नाही. सकाळ झाली की माकूल बहुतेक जंतू बाहेर टाकून देतो. मग उरलेले पुन्हा वाढतात. किती हिशेबी व्यवहार, बघा!

पटकीच्या जंतूचेही दोनशेहून अधिक प्रकार आहेत. गावेच्या गावे आजारी पाडणारे त्यातले फक्त दोन. असे का? प्रत्येक जिवाच्या अंगात त्याच्या वंशाची पोथी असते. बहुतेक जंतूंची पोथी एक, या घराण्याच्या दोन. जंतूलाही रोग होतो, बरं का! त्याहून बारीक विषाणू त्याच्यात शिरतो. विष तयार करण्याचे पान अशाच एका विषाणूने जंतूच्या पोथीत आणून जोडले. हे १९९६ साली उघड झाले.

हे विष काय करते? १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग केला. जंतू काढून टाकला, नुसते त्याने सोडलेले विष ठेवले, तरी आतडे पाण्याने भरले. म्हणजे अंगातले पाणी नि मीठ वाहून जाते आणि माणूस कोरडा पडून मरतो. माझ्या मित्राला पाणीच हवे होते.

आतडे असे बिघडले, तरी साखरेबरोबर मीठ आत घेते, आणि मिठामागून पाणी जाते. १९७१ साली बनगावला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. शंभरात तीसजण मरत होते, ते चारांच्या आत आले.

आता पाणी गाळण्याचे. खाडीत आणि तळ्यात कोळंबीच्या नात्यातले, मोहरीपेक्षा लहान किडे असतात. हा जंतू त्यांच्या कवचाला चिकटून राहतो. जंतू फडक्यातून जातो, किडा जात नाही. बांगलादेशात मतलब भागातल्या बायांनी जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळले. पटकी जवळजवळ निम्मी झाली. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. नवे कापड नको. जुन्याचे धागे फुगून भोके बारीक होतात. पण सुटे जंतू गाळून निघत नाहीत, तेव्हा गाळून मग उकळावे. आमच्यासारख्या खाडीपासून लांबच्या गावात तर जंतू बहुधा रोग्याच्या शौचातूनच विहिरीत येतो.

मी घरून जुने लुगडे, तांब्या, साखर आणि मीठ आणले आहे. चौघेजण पुढे या. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, साखर सहा लहान चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा बोटाने सपाट करा. मीठ जास्त पडू देऊ नका. घोट घोट पाजत राहायचे, आणि त्याच वेळी एकाने १०८ला फोन लावायचा. या, लुगड्याचे हे टोक कोण धरतंय?