शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचे वेध लागले, की विद्यार्थ्यांत एकच चर्चा सुरू होते : प्रोजेक्ट कोणता घ्यायचा? तयार प्रोजेक्ट विकत घेऊन वेळ मारून नेऊ नका. विषय छोटा घ्या, पण तडीस न्या.

समजा, ग्रंथालयात पुस्तक राखून ठेवण्याचा प्रोग्राम तुम्ही लिहिताय. एकच प्रत शिल्लक आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर? आधी प्रत आहे का ते बघायचं आणि मग नोंद करायची, या पायऱ्या सुट्या राहिल्या तर दोघांनाही पुस्तक मिळाल्याचं दिसेल. म्हणून एकाचं काम पूर्ण होईपर्यंत डेटाबेसने दुसऱ्याला थांबवून ठेवायला हवं. ‘दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर?’ हा प्रश्न प्रोजेक्टच्या गाईडने विचारावा. उत्तर विद्यार्थ्याने शोधावं. स्वतंत्र काम आणि मार्गदर्शन यांची सांगड अशीच बसते.

दर आठवड्याला सरांना किंवा मॅडमना चालता प्रोग्राम दाखवा. प्रोग्राममधला प्रत्येक बदल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवा आणि तो का केला, तेही लिहा.

कॉलेजबाहेरही वाटा आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतात. २००५ पासून सुरू असलेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये अनुभवी प्रोग्रामर मार्गदर्शन करतात.

तेव्हा मित्रांनो, विषय आजच ठरवा, एका कागदावर मांडा आणि गाईडची वेळ घ्या.