बोटीच्या आधीचा रस्ता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'प्रवासाचे अनुभव' हा विषय दिला आहे आणि वेळ दहा मिनिटांचा. मी एसटीत नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. जन्मभर माइकवरून बोललो ते एवढंच, की अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे. सलग दहा मिनिटं बोलायची सवय नाही. तरी आज उभा राहिलो, कारण एक माफी मागायची राहून गेली आहे. ती शेवटी मागतो.

मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत आपले भूगोलाचे सर सहज म्हणाले, "अरे, भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे सगळं शिकवलं, पण बोटीत काही बसलो नाही." सर फळ्यावर खडू न उचलता भारताचा किनारा काढायचे, ते तुम्हाला आठवत असेल. कच्छपासून कन्याकुमारीपर्यंत एक रेघ! त्या रेघेपासून आपलं भूम कितीतरी लांब. आपल्याला पाणी म्हणजे बाणगंगा, आणि तिलाही पाणी असलं तर.

तिथंच आम्ही पाच जणांनी ठरवलं की मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर सरांना न्यायचं. बोटीचं तिकीट मित्राच्या मुलाने मोबाइलवर काढलं. भूम ते मुंबई हा भाग माझ्याकडे आला. सगळे म्हणाले, "ह्याच्यासारखा वेळापत्रकाचा माणूस दुसरा कोण?" मीही छाती फुगवली.

आता माझी चूक ऐका. तिकिटावर बोट सुटायची वेळ होती संध्याकाळी पाच. मी हिशोब केला, चारला पोचलं म्हणजे झालं. एसटीत दहा मिनिटं आधी आलेला प्रवासी आम्हाला फार आधी आलेला वाटतो! रात्री एक वाजता भूमहून ठरवलेली गाडी काढली. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, तिथून सोलापूर-पुणे हमरस्ता. भिगवणच्या अलीकडे टायर बसला. त्यात दीड तास गेला. पुढे नाताळची सुट्टी आणि शनिवार, त्यामुळे बोरघाटात गाड्यांची रांग. बंदराच्या दारावर पोचलो तेव्हा चारला वीस कमी होते. मला वाटलं, जिंकलो. दारावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "चेक-इन तीनला बंद झालं." बोट समोर उभी होती, पाच मजली वाड्यासारखी. अजून एक तास वीस मिनिटं ती हलणार नव्हती. पण आमच्यासाठी ती गेलेली होती.

दोष बोटवाल्यांचा नव्हता. चेक-इनची वेळ तिकिटाच्या दुसऱ्या पानावर छापलेली होती. मी पहिलंच पान वाचलं होतं.

सर काहीच बोलले नाहीत. हातातली पिशवी खाली ठेवून ते कठड्याला धरून उभे राहिले आणि बोटीकडे बघत राहिले. पाचला तिचा भोंगा झाला तेव्हा म्हणाले, "चला, भोंगा तरी ऐकला."

त्या रात्री आम्ही सीएसएमटीजवळच्या एका लॉजवर थांबलो. कुणालाच झोप नव्हती. आमच्यातल्या एका मित्राने तेव्हा त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ते 1950 नंतरच्या दशकात भूमहून हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून जेद्दाला बोटी जात, मोगल लाइन कंपनीच्या. ती समुद्रमार्गाची हजयात्रा 1995 पर्यंत चालली. आजोबा भूमहून बार्शीपर्यंत बैलगाडीने गेले. बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत आपली बार्शी लाइट रेल्वे, ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, जी 1897 साली सुरू झाली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसून मुंबई. तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. बोटीच्या किती दिवस आधी पोचले असतील? पंधरा दिवस! कागद, लस टोचणं, बाजारहाट, सगळं तिथे बसून. मित्र म्हणाला, "आजोबांकडे मोबाइल नव्हता, घड्याळही नव्हतं. पण बोट चुकली नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी माणसं रस्त्यावर विश्वास ठेवत नसत, म्हणून वेळ हाताशी ठेवत. आपण रस्ता चांगला झाला म्हणून वेळ कापत गेलो. पण रस्ता कितीही चांगला झाला तरी बोट थांबत नाही. एसटी चुकली तर मागून दुसरी येते. बोट चुकली तर पैसेही जातात आणि माणसाचा जीवही चुटपुटतो.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी वेळापत्रक उलटीकडून केलं. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर हे लक्षात ठेवा.

पहिलं, बोट सुटायची वेळ बघू नका, दार बंद व्हायची वेळ बघा. ती वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि तिथून मागे मोजत या. 

दुसरं, बोटीच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावात मुक्काम. लॉजचे जे दोन-तीन हजार जातात तो खर्च नाही, विमा आहे. 

तिसरं, आपल्या भूमहून रेल्वे नाही, तेव्हा एसटीने बार्शी-कुर्डुवाडी करा. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढे 2022 पासून फुकट. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे. आम्ही कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. सकाळी ती सीएसएमटीला सोडते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. 

चौथं, रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस होतं. बोटीचं तिकीट लोक सहा-सहा महिने आधी काढतात आणि रेल्वेचं विसरतात. म्हणून साठाव्या दिवसाची खूण कालनिर्णयवर आत्ताच करा. वेटिंगच्या तिकिटावर बोट गाठायला निघू नका. 

पाचवं, तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. आपल्या मैत्रिणींचं एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असतं. ते घरीच जुळवा, दारावर नाही. 

सहावं, मोठ्या बॅगा बोटीवर चढताना आपल्याकडून घेतात आणि नंतर खोलीत पोचवतात. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा आणि कागद हातातल्या पिशवीत. 

आणि सातवं, परत आल्या दिवशी लगेचची गाडी काढू नका. बोटीतून उतरायलाही वेळ लागतो.

ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि तिकडच्या क्रूझचं आमंत्रण देतात, त्यांना एक जास्तीची गोष्ट. तिकडे जाहिरातीत 'रोम' लिहितात, पण बोट लागते चिविटावेकिया नावाच्या बंदरात, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'लंडन' म्हणतात आणि बोट असते साउथॅम्प्टनला. व्हेनिसच्या मधून मोठ्या बोटी न्यायला 1 ऑगस्ट 2021 पासून बंदी आहे, तेव्हा 'व्हेनिस' लिहिलेली बोट बऱ्याचदा दुसऱ्याच बंदरातून सुटते. म्हणजे कुर्डुवाडी आणि भूम हाच प्रकार, स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे. बंदराचं खरं नाव विचारा आणि आधी चार दिवस मुलांसोबत रेल्वेने फिरून मग तिथे जा. आणि बोट शेंगेनच्या बाहेरच्या देशात जाऊन परत येणार असेल, तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा लागतो. हे मला माझ्या मुलीने शिकवलं.

आमची दुसरी खेप सुरळीत झाली. सकाळी मुंबईत उतरलो, तो सगळा दिवस आणि रात्र तिथेच, दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी आम्ही रांगेत. डेकवर उभं राहून मुंबई मागे सरकताना पाहिली. कुंथलगिरीचा पेढा काढून वाटला. पण पाच जणांपैकी एकालाही तो गोड लागला नाही. कारण सर नव्हते. मधल्या वर्षात त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. रात्रभराची रेल्वे, जिने, लांबलचक रांगा, डॉक्टरांनी सगळ्याला नाही सांगितलं.

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या वर्षी तुमचे पाय चालत होते. तुमची बोट टायरने चुकवली नाही आणि घाटानेही नाही. मी दुसरं पान वाचलं नाही, म्हणून ती चुकली. तुम्ही आम्हाला नकाशा वाचायला शिकवला, पण सूची आधी वाचायची हेही शिकवलं होतं. ते मी विसरलो. सगळ्यांसमोर माफी मागतो.

पण सर, नुसती माफी मागायला मी उभा नाही. मी तिसरं वेळापत्रक करून आणलं आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, मार्च 2020 पासून. तिच्यात मोटार आतपर्यंत चढते. प्रवास तासाभराचा.  पहिल्या दिवशी भूम ते पुणे, दुपारी थांबून थांबून. रात्री माझ्या मुलीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुणे ते मुंबई, तिथे मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळची बोट. एका तासाच्या बोटीसाठी दोन मुक्काम! लोक हसतील. हसू द्या. मित्राच्या आजोबांनी पंधरा दिवस दिले होते.

डॉक्टरांना विचारून झालं आहे. गाडीची पुढची सीट तुमची. धक्क्यावर दार किती वाजता बंद होतं, तेही विचारून ठेवलं आहे. या वेळी दुसरं पान मी आधी वाचलं.

फक्त तुम्ही हो म्हणायचं राहिलं आहे, सर.