एकाच बोटीवर विसंबलेले बेट



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोकणच्या आगबोटींच्या आठवणी अजून निघतात, आणि त्या 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’पाशी येऊन थबकतात. म्हणून बोट जुनी झाली म्हटले की आम्हांस प्रथम बुडण्याचेच भय वाटते. आज ज्या बोटीविषयी आम्ही बोलणार आहोत, ती मात्र कधी बुडाली नाही. ती केवळ अधूनमधून आली नाही.

दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना हे नेपोलियनच्या बंदिवासाचे बेट. वस्ती सुमारे साडेचार हजार. आफ्रिकेचा किनारा जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर. ॲबर्डीन येथे बांधलेली, बेटाचेच नाव धारण करणारी टपालबोट 1990 पासून त्याच्या सेवेत होती. (इंजिने डिझेलची, आगबोट म्हणावयाचे ते सवयीने.) पत्रे, धान्य, औषधे, मोटारी आणि शे-दीडशे उतारू, सारे एकाच पोटात. केपटाऊनहून पाच दिवस लागत. जेम्सटाऊनसमोर बोट नांगर टाकी, आणि उतारू होड्यांतून किनाऱ्याला लागत. कोकणच्या बंदरांत पडावातून उतरलेल्यांना हे चित्र समजावून सांगावयास नको.

खरी अडचण अशी की, बोट निर्धोक राहावी म्हणून तिला वेळोवेळी गोदीत न्यावे लागे, आणि ती गोदीत गेली की बेटाचा दरवाजाच बंद होई. दुसरी बोट असती तर जी साधी डागडुजी ठरली असती, तीच येथे साऱ्या बेटाची चिंता होई. 1999 च्या नोव्हेंबरात इंजिनाच्या बिघाडाने ती फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात अडकली. नाताळ तोंडावर आलेला, आणि वाट पाहण्यावाचून बेटाला उपाय नव्हता. 2002 च्या सार्वमतात सुमारे 72 टक्के मते विमानतळाच्या बाजूने पडली, यात आम्हांस नवल वाटत नाही.

विमानतळ 2016 मध्ये सिद्ध झाला. परंतु धावपट्टीवरील लहरी वाऱ्याने मोठी विमाने रोखली आणि निवृत्तीस टेकलेल्या बोटीला पुन्हा कामास जुंपावे लागले. मार्च 2017 मध्ये तिचा पंखा नादुरुस्त झाला. खोळंबलेल्या उतारूंना आणण्यासाठी 3 मे रोजी खास विमान धाडावे लागले. नियमित विमानसेवा 14 ऑक्टोबरला सुरू झाली. (तीही धुक्या-वाऱ्यापुढे कधी कधी हात टेकतेच.)

10 फेब्रुवारी 2018 रोजी बोट जेम्सटाऊनहून अखेरची निघाली, तेव्हा तिला निरोप द्यावयास किनाऱ्यावर गर्दी लोटली होती.