पाणाड्याची परीक्षा

मी धुळ्याच्या देवपुरात राहतो. उन्हाळा तापला की साक्री, शिंदखेड्याकडचे ओळखीचे शेतकरी हमखास विचारतात, "सर, पाणाड्याला खरंच जमिनीखालचं पाणी कळतं का हो?"

मी उलट विचारतो, "कळत नसेल, तर ते कशावरून समजेल?" याचं उत्तर देता आलं, तरच प्रश्न विज्ञानाचा. नाहीतर पारावरच्या गप्पा.

बघा ना. शेतात फिरताना पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, बोअर मारला, पाणी लागलं, पाणाड्या खरा. कोरडा गेला, तर "झरा सरकला", नाहीतर "मशीनवाल्याने जागा हातभर चुकवली". काहीही होवो, पाणाड्या बरोबरच! अशा दाव्याची परीक्षा घेणार कशी? शिवाय आपल्या जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या भेगांत, झिजलेल्या थरांत कुठे ना कुठे पाणी असतंच. तेव्हा 'पाणी लागलं' एवढ्याने काही ठरत नाही. त्याच शिवारात कुणीही सहज दाखवलेल्या जागांपेक्षा पाणाड्याच्या जागी जास्त वेळा लागतं का, हे विचारायचं.

त्यासाठी एवढे बोअर कोण मारणार? नको. फुकटातली युक्ती सांगतो. पाणाड्याने दाखवलेल्या जागा बांधापासून मोजून वहीत लिहा, शेतात खूण ठेवू नका. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला त्याच शेतात पुन्हा फिरवा. नारळ तिथेच उभा राहतो का? किती हातांचा फरक चालेल, ते मात्र आधी त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

२००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाचीही अशीच चाचणी घेतली, तीही अटी आधी जाहीर करूनच. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं. नाणं उडवूनही वीसेक बरोबर येतात, म्हणून संख्याशास्त्राच्या हिशेबाने निदान २८ हवीत. २७ जणांची उत्तरं आली. सगळ्यांत वरचा आकडा होता २४.

पाणाड्याला एक न्याय आणि शिकलेल्याला दुसरा, असं मात्र करू नका. यंत्र लावून जागा दाखवणाऱ्या भूवैज्ञानिकाकडूनही, किती फुटांवर आणि किती इंची पाणी, हे मशीन येण्याआधी कागदावर मागून घ्या. बोअर कोरडा गेला, तरी तो कागद फाडू नका. शेजारच्या शेतकऱ्याला तो उपयोगी पडेल.