भिडेचें मोल

दिवाळीची सुटी लागली, कीं जालन्याच्या कित्येक घरांतून अजिंठ्यास जाण्याचे बेत ठरूं लागतात. वाटेंत राजूरच्या गणपतीचें दर्शन घ्यावें, भोकरदनावरून पुढें जावें, दिवसभर लेणीं पाहावीं आणि रात्रीं घरीं परतावें, असा हा सोयीचा प्रवास आहे. परतलेलीं माणसें पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीविषयीं भरभरून बोलतील, अशी अपेक्षा असते. तीं बोलतातहि, परंतु थोड्याच वेळांत गोष्ट निघते ती फसवणुकीची. कोणाच्या गळ्यांत रंगविलेला दगड पडलेला असतो, तर कोणी डोलीवाल्यांशीं हुज्जत घालून दमलेला असतो. ही फसवणूक होते कशी आणि ती टाळावी कशी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

फसतो तो अडाणीच असतो, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. मंडईंत चार ठिकाणीं भाव विचारल्याशिवाय वांगीं न घेणारी गृहिणी लेण्यांच्या पायथ्याशीं मुकाट्यानें पैसे मोजते. हिशेबांत एक पैहि न चुकणारा तिचा यजमान तेथें भाव विचारावयास संकोचतो. घरीं असलेली बुद्धि प्रवासांत कोठें जाते? ती कोठेंहि जात नाहीं. तिच्यावर भीड बसते. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात, तें उगीच नव्हे.

अजिंठ्याचाच प्रसंग पाहावा. खासगी वाहनें फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवावीं लागतात आणि तेथून सुमारें चार किलोमीटर एस. टी.च्या बसनें जावें लागतें. बसची वाट पाहत मंडळी उभीं असतां एक हसतमुख तरुण जवळ येतो. गांव विचारतो, मुलाच्या हातांत चमकदार स्फटिकाचा तुकडा ठेवतो आणि म्हणतो, "पैसे नकोत, साहेब, भेट समजा. परत जातांना माझें दुकान तेवढें पाहा." सायंकाळीं मंडळी थकून परततात, तों तो नांव लक्षांत ठेवून उभाच असतो. आतां फुकट घेतलेल्या तुकड्याचें ओझें मनावर असतें. मग नको असलेला मोठा दगड, मागितलेल्या किंमतीच्या निम्म्यानें घेऊन, आपणच जिंकलों अशा समजुतीनें गृहस्थ गाडींत बसतात. त्या तरुणानें विकला तो दगड नव्हे. त्यानें सकाळीं भीड पेरली आणि सायंकाळीं तिचें पीक काढलें. यावर उपाय एकच. सकाळींच तो तुकडा मुलाच्या हातून हंसत परत करावा.

दगड घ्यावयाचाच असेल, तर थोडी माहिती असावी. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारेचे, जांभळ्या स्फटिकाचे व इतर खनिजांचे सुंदर नमुने खरोखरच सांपडतात, आणि ते घरीं ठेवण्याजोगे असतात. परंतु भडक गुलाबी किंवा गर्द निळा रंग दिसला, कीं संशय घ्यावा. वरून दिलेला रंग बारीक भेगांत अधिक साठलेला असतो. उजेडांत धरून पाहिल्यास तो दिसून येतो.

पैठणीचीहि परीक्षा अवघड नाहीं. पदर उलटून पाहावा. हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर दोन्ही बाजूंनीं जवळजवळ सारखाच दिसतो. उलट बाजूस सुटे किंवा कापलेले धागे लोंबत असतील, तर तें यंत्रमागाचें काम समजावें. यंत्रमागाचें लुगडें घेण्यांत कमीपणा नाहीं; त्यास हातमागाची किंमत देण्यांत मात्र आहे.

कांहीं गोष्टी घरून निघतांनाच ठाऊक असाव्या. अजिंठा सोमवारीं बंद असतो, वेरूळ मंगळवारीं. हें माहीत असलें, म्हणजे 'आज लेणीं बंद आहेत, दुसरीकडे नेतों' असें सांगणाऱ्या गाडीवाल्याचें कांहीं चालत नाहीं. पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाहीं. वाटाड्या करावयाचा, तर त्याचें ओळखपत्र आधीं पाहावें. डोली ठरवितांना आंकडा ऐकून स्वस्थ राहूं नये. तो जाण्याचा कीं जाण्यायेण्याचा, एका माणसाचा कीं चौघांचा मिळून, हें पाऊल उचलण्यापूर्वीं विचारावें. मोबाइलवरून पैसे देतांना समोर उमटणारें नांव वाचावें. आणि पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक कधींच लागत नाहीं, हें घरांतील सर्वांस सांगून ठेवावें. तसा प्रकार घडलाच, तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पर्यटकांच्या मदतीसाठीं 1363 हा क्रमांक आहे.

येथवर गोष्ट पैशांची झाली. याहून गंभीर प्रकार आहे तो जुन्या वस्तूंचा. 23 सप्टेंबर 1803 रोजीं असईची लढाई झाली, ती जालना जिल्ह्यांतच. त्या लढाईंतील गोळी म्हणून कोणी शिशाचा गोळा पुढें केला, किंवा जुनी म्हणून एखादी लहान मूर्ति दाखविली, तर काय करावें? शिसें चुलीवरहि वितळतें आणि नवें पितळ काळें करणें कठीण नाहीं. तेव्हां वस्तु खोटी असेल, तर पैसे बुडाले. आणि ती खरी असेल, तर? शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, असा 1972 सालचा कायदा आहे. जमिनींत पुरलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें, असें तर 1878 सालच्या कायद्यानेंच सांगितलें आहे. म्हणजे वस्तु खोटी तर आपण फसलों, आणि खरी तर आपण चोरींत भागीदार झालों. तिसरा मार्ग नाहीं.

ही भीति केवळ पुस्तकी नाहीं. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब याच जिल्ह्यांत आहे. तेथील मंदिरांतून ऑगस्ट 2022 मध्यें रामपंचायतनाच्या प्राचीन मूर्ति चोरीस गेल्या. गांव हवालदिल झालें. पुढें त्याच वर्षीं पोलिसांनीं मूर्ति हस्तगत केल्या. देव्हारा रिकामा करणाऱ्या हातास कोठें तरी विकत घेणारा हात मिळेल, ही आशा असते. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं जुनी मूर्ति शोधणाऱ्या सुशिक्षितांनीं ही गोष्ट मनांत वागवावी.

शेवटीं एक सांगणें अवश्य आहे. सावधपणा म्हणजे संशयीपणा नव्हे. एकदां फसलेला प्रवासी पुढच्या प्रत्येकास चोर समजूं लागतो. सीताफळें विकणाऱ्या म्हातारीशीं तो दोन रुपयांसाठीं भांडतो. खांद्यावर माणूस वाहून घामाघूम झालेल्या डोलीवाल्याची ठरलेली मजुरी देतांना कुरकुरतो. एका लबाडाचा दंड असा दहा प्रामाणिकांस भरावा लागतो. म्हणून भाव आधीं ठरवावा, स्पष्ट ठरवावा, आणि ठरलेला पैसा हंसतमुखानें द्यावा. भीड इतकी नसावी कीं आपण लुबाडले जावें, आणि ताठा इतका नसावा कीं कष्टाचा दाम बुडावा. एवढें संभाळलें, म्हणजे चित्त मोकळें राहतें. आणि ज्यासाठीं इतक्या दूर यावयाचें, तीं चित्रें पाहावयास तेंच तर लागतें.