खोडरबर बाजूला ठेवा



मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यातल्या लहान मुलांना शिकवता, म्हणून घरातलाच एक प्रसंग सांगतो.

माझी भाची तिसरीत आहे. परिसर अभ्यासाच्या वहीत तिनं सकाळचं चित्र काढलं. सूर्य, पाण्याची टाकी आणि वर अर्धा चांद. बाईंनी चांदावर लाल फुली मारली, कारण चंद्र रात्री दिसतो! आम्ही घरी दखनी बोलतो. "मामू, मैं देखी ना!" असं म्हणत ती चांद खोडतच होती.

बाईंना काय बोलणार? चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं मी स्वतः डिग्री मिळाल्यावरही मानत होतो. सावलीनं होतं ते चंद्रग्रहण. सूर्य आणि चांद दोन्ही आभाळात समोर दिसत असताना आपली सावली चांदावर पडणार कुठून, हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मार्क मात्र पूर्ण मिळाले होते.

रविवारी चांदाची 22 तारीख होती. सकाळी साडेसातला आम्ही गच्चीवर गेलो. सूर्य पूर्वेला, अर्धा चांद उंचावर. तिच्या हातात टेबल टेनिसचा पांढरा बॉल दिला आणि हात लांब करून चांदाच्या शेजारी धरायला सांगितलं. बॉलवर ऊन होतं. बॉलचाही तेवढाच भाग उजळला होता, त्याच बाजूनं. ती बराच वेळ बघत राहिली. मी काही समजावून सांगितलं नाही. (मोठा मोह होता.)

मग विचारलं, उद्या याच वेळी चांद कुठे असेल? तिनं पश्चिमेकडे बोट दाखवलं. ते वहीत काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चांद उलट सूर्याच्या बाजूला सरकलेला, साधारण एका मुठीपेक्षा थोडा जास्त, आणि बारीकही झालेला. तिनं लगेच खोडरबर उचलला. तो मी खिशात घातला.

आमच्या कामात कोड चालवण्याआधी काय अपेक्षित आहे ते लिहितात. चुकलं तर तो लॉग पुसत नाहीत, तिथूनच बग सापडतो. पहिल्या इयत्तांमध्ये मुलांनी एवढंच शिकावं असं मला वाटतं: आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं, आणि चुकलेला अंदाज तसाच ठेवायचा. ग्रहांची नावं नंतर पाठ होतील. हे स्वप्नाळू नाही. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करत आणि परीक्षेला आपली वही सोबत नेत. 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला.

काही दिवसांनी चांद सकाळी सापडेनासा झाला. "आता कुठे दिसेल?" भाचीनं लिहिलं, 'टाकीच्या बाजूला, सकाळी.' त्या महिन्यात ईद नव्हती, त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच. तिनं वही उघडली आणि खाली लिहिलं, 'चुकलं. मशिदीच्या बाजूला, मगरिबनंतर. उजेड खालून.'